गालबोटाची ओळ

१

तिला वाटलं होतं, तिथे माणसं ऐकत असतील.

परदेशात शिकत असताना मावशी तिला एक मासिक पोस्टाने पाठवायची. शास्त्रीय संगीताच्या नव्या रेकॉर्ड्सची परीक्षणं, बाकी काही नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती अंक उघडायची आणि दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नसायचा. एखादा सूर किती रेंगाळला, वादकाने श्वास कुठे घेतला, असल्या गोष्टींवर पानंच्या पानं लिहिणारी माणसं जगात आहेत, याचा तिला फार आधार वाटे. डोळे मिटून एका रेकॉर्डभोवती बसलेली वडीलधारी मंडळी, मग एका सुरावरून जुंपलेलं भांडण, असं काहीसं चित्र तिच्या मनात होतं. शिक्षण संपलं तेव्हा चार चांगल्या जागा सोडून ती परत आली आणि त्याच मासिकात काम मागितलं. 'ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही,' असं तिने अर्जातच लिहिलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

प्रत्यक्षात मासिक म्हणजे एका लॉण्ड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या निघाल्या. खालून इस्त्रीची वाफ फरशीतून वर यायची आणि दुपारपर्यंत कागद मऊ पडायचे. बाहेरच्या खोलीत संपादक कागदाच्या भावावरून फोनवर कोणाशी तरी घासाघीस करत. समोर मुद्रितं तपासणाऱ्या काकू, आणि मुद्रितांवरच शेंगा सोलायला घेतलेल्या. परीक्षणं बाहेरची माणसं आपापल्या घरून लिहून पाठवत. इथे कोणी काही ऐकत नव्हतं.

आतली खोली मात्र ऐकण्याची होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा, एक प्लेअर, दोन स्पीकर, आणि त्यांच्या बरोबर समोर मागच्या भिंतीला पाठ लावून एक खुर्ची. हिरवी मखमल झिजून टक्कल पडलेली, एक हात सुतळीने बांधलेला. पहिल्याच दिवशी ती रेकॉर्ड घेऊन आत निघाली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, स्टूल ने."

"आत खुर्ची आहे ना?"

"आहे ना," काकू शेंगेतून मान वर न काढता म्हणाल्या. "स्टूल ने."

२

ती आल्यानंतरचा पहिला अंक तयार होत होता. एका पियानोवादकाच्या रेकॉर्डचं परीक्षण तिच्या हातात होतं. शेवटी एका ओळीची जागा कोरी होती.

"काकू, इथे ओळ राहिलीय."

"राहिली नाही, ठेवलीय. गालबोटाची ओळ आहे ती."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं गोड गोड लिहून झालं, की शेवटी एक खोट घालायची. आपल्या इथली जुनी रीत आहे." काकूंनी पेन कानामागून काढलं, छताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'दुसऱ्या भागात दूरवर दार आपटल्याचा आवाज येतो, त्याने रसभंग होतो.' मग टोपण लावलं. "झालं."

"तुम्ही ऐकलीत ही रेकॉर्ड?"

"मी? मला कुठला वेळ, बाई! मागच्या अंकात खोकला घातला, त्याच्या आधी खुर्ची करकरली. आता दाराची पाळी."

तिच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. ती तशीच संपादकांच्या टेबलापाशी गेली. "सर, हे काय चाललंय? एका माणसाने वर्षानुवर्षं मेहनत करून वाजवलं, आणि आपण न ऐकता त्याच्या तोंडाला काळं फासतो?"

"काळं नाही गं. बोटभर," संपादक म्हणाले. "खोट नसली की लोकांना परीक्षण जाहिरातीसारखं वाटतं."

"पण खोट नाहीच आहे त्यात!"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? काकूंनी आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, छताकडे बघून लिहिली!"

काकू म्हणाल्या, "विदुषी तापल्या. पाणी द्या कोणी तरी." तेव्हापासून तिचं नाव विदुषीच पडलं.

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "मी इतकी वर्षं हे मासिक चालवतोय. आपले वाचक किती चिकित्सक, तुला माहीत आहे. एक काना चुकला तरी पत्र येतं. पण लिहिलेली खोट सापडली नाही, असं पत्र एकही आलेलं नाही."

एवढं बोलून कोणीही छाती फुगवली असती. संपादक खाली, कागदाकडे बघत होते.

३

तिने मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं: वाचकही ऐकत नाहीत. सगळा गावच आंधळा, तिथे काण्याला राजा करायला कितीसा वेळ लागतो! हे चव्हाट्यावर आणायचं असं ठरवूनच तिने कपाटातून जुने अंक आणि त्या त्या रेकॉर्ड्स काढल्या आणि स्टूल घेऊन आत बसली.

खोकला होता. मागच्या अंकातल्या गायिकेच्या आलापात, बरोबर तिथे. खुर्ची करकरत होती. पियानोच्या दुसऱ्या भागात, मंद सुरांच्या मागे, कुठे तरी दार आपटलं आणि तिच्या हातातलं कव्हर खाली पडलं.

तिने स्वतःला दटावलं. ध्वनिमुद्रण माणसं करतात, माणसं खोकतात, दारं आपटतात. शोधायला बसलं की सापडतंच. शिवाय या रेकॉर्ड्स तिने आधी कधी ऐकल्या नव्हत्या. आधी आवाज नव्हता हे कशावरून? काकू गुपचूप ऐकत असतील आणि वर साळसूदपणाचा आव आणत असतील.

"काकू, तुम्ही चोरून ऐकता."

"चोरून ऐकायला मी काय सासू आहे?" काकू म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. एक शेंग सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मी लग्नाआधी खूप ऐकायची. इथे लागल्यापासून घरी रेडिओसुद्धा लावत नाही."

बाहेर येताना तिच्या लक्षात आलं की स्टूल ती ठेवते तिथे नाही, थोडं पुढे आहे. खुर्चीसमोर पाय पसरायला जागा लागते, तेवढं पुढे. फरशी गुळगुळीत आहे, ती स्वतःशी म्हणाली. खाली लॉण्ड्रीवाले कपडे धोपटतात, त्याने सरकलं असेल.

४

पुढच्या अंकात मावशीची रेकॉर्ड होती.

आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. ऐकायलाही तिनेच शिकवलं. गज तारेवर टेकण्याआधी हवा कशी थांबते तेसुद्धा ऐकायला. व्हायोलिन शिकवण्यात मावशीचा सगळा जन्म गेला होता. स्वतःची रेकॉर्ड निघाली ती आत्ता, केस पांढरे झाल्यावर, आणि तीही एकच. भाचीने ती इतकी ऐकली होती की रस्त्याने चालताना अख्खी डोक्यात वाजायची. त्यात खोकला नव्हता, दार नव्हतं, खुर्ची नव्हती. याची ती शपथ घेऊ शकली असती.

आणि म्हणूनच तिला युक्ती सुचली. गालबोट घालायचंच ना? मग असं घालायचं की डोळे मिटूनही ते खोटं आहे हे कळावं. मग पत्रं येतील. एक जरी आलं, तरी ही रीत बंद पाडता येईल.

तिने मावशीला सांगितलं. मावशी नेहमीच्या जागी बसली होती. पाठ भिंतीला अगदी टेकलेली, मधून बोटसुद्धा जाणार नाही. वाजवताना मागे कोणी असलेलं तिला लहानपणापासून खपत नसे. मैफलीतसुद्धा ती मंचाची मागची भिंत गाठायची, आयोजक कितीही 'पुढे या, पुढे या' म्हणोत.

"काय लिहिणार आहेस?"

"की मधेच तुझा गज थांबतो आणि तू मागे वळून बघतेस."

मावशी इतकी हसली की व्हायोलिन मांडीवर ठेवावं लागलं. "मागे? मागे भिंत आहे गं, ठमे! पालीला बघते की काय मी? लिही, लिही. लोकांना मजा वाटेल."

संपादकांना मात्र मजा वाटली नाही. ओळ वाचून ते उठून उभेच राहिले. "माणूस नको. दार घाल. खोकला घाल. फार तर भांडं पडू दे."

"का? खोटंच लिहायचं ना? मग दाराचं खोटं चालतं आणि माणसाचं का नाही?"

"आम्ही माणसाला ओळीत आणत नाही."

"आणि माणसाच्या कामाला काळं फासता, ते चालतं! सर, ही ओळ तरी छापा, नाही तर तुमची गालबोटं मी दुसऱ्या मासिकात नावानिशी छापते."

"तुझी मावशी आहे ती," संपादक म्हणाले.

"म्हणूनच. तिची रेकॉर्ड मला पाठ आहे."

काकूंनी पेन उचललं नाही. त्या ओळीला मी हात लावणार नाही, म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली घेऊन गॅलरीत जाऊन बसल्या. मग तिने ती स्वतःच्या हाताने लिहिली. 'दुसऱ्या बाजूला, वरचा सूर लागता लागता गज थांबतो. वादिका मागे वळून कोणाकडे तरी पाहत असावी असं वाटतं.' लिहिताना तिला हसू येत होतं.

५

अंक गेला. पोस्टमन रोज येई आणि ती जिन्यातच त्याच्या हातून टपाल घेई. एका काकांनी कागद पातळ असल्याची तक्रार केली होती. एका बाईंनी आडनाव चुकल्याबद्दल झाडलं होतं. मावशीच्या रेकॉर्डबद्दल एक पत्र आलं: 'आपण दाखवलेली जागा अचूक आहे. ती ऐकून अंगावर काटा आला.'

ती पत्र घेऊन आतल्या खोलीत गेली. सुई ठेवली. दुसरी बाजू. वरचा सूर लागता लागता गज थांबला.

आधी तिला वाटलं, वीज गेली. पण रेकॉर्ड फिरत होती. शांततेत साडीची सळसळ झाली, खुर्चीचा लाकडी पाय किंचित कुरकुरला. आपल्याच बागेत अनोळखी माणूस उभा दिसला तर आपण क्षणभर श्वास रोखतो, तसा एक श्वास. मग गज पुन्हा टेकला आणि सूर पुढे गेला, पण आता तो कोणासाठी तरी वाजत होता.

तिने सुई उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. ती धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, न फोडलेली रेकॉर्ड घेतली, दुकानदाराला तिथेच लावायला लावली. गज थांबला. "छान पकडलंत हां तुम्ही," दुकानदार म्हणाला. "मी इतक्यांदा ऐकली, आधी लक्षातच आलं नव्हतं."

ती परत आली ती आगीचा लोळ होऊनच. "तुम्ही बदललीत! कारखान्यात कोणाला तरी हाताशी धरलंत! एका म्हाताऱ्या बाईच्या आयुष्यभराच्या कामाशी खेळताना लाज नाही वाटली?"

संपादकांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा लॉण्ड्रीतून काढलेल्या कापडासारखा पांढरा होता.

"बोला ना! कोणाकडे बघतेय ती?"

"लिहिलं की दारं आपटतात, त्यात कोणाचं काही जात नाही," ते शेवटी म्हणाले. "म्हणून आम्ही साधं लिहितो. दार, खोकला, भांडं. माणसाला एकदा आणलं होतं. आमच्या पहिल्या परीक्षकांना. थट्टेतच. 'इतकं तल्लीन वादन की ऐकणारा उठणारच नाही.'" त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "खुर्ची त्यांची. अंक निघाला त्या दिवशी आत ऐकायला बसले, ते बाहेर आलेच नाहीत."

"मग ते कुठे आहेत?"

काकू मधेच म्हणाल्या, "विदुषी, मावशीकडे जा. आत्ता जा."

६

दुपार होती. मावशीच्या खोलीत खिडकीतून भरपूर ऊन आलं होतं, फरशीवर वाळत घातलेल्या उशांचे अभ्रे पसरले होते. घाबरावं असं काही नव्हतं. भाचीला स्वतःचाच राग आला. शिकलीसवरलेली बाई, आणि रेकॉर्डमधल्या खरखरीने पळत सुटली!

"मावशी, ती दुसरी बाजू वाजव ना."

"आल्या आल्या? पाणी तरी पी." पण मावशीने व्हायोलिन घेतलं, खुर्ची भिंतीला टेकवली आणि वाजवायला लागली.

वरचा सूर लागता लागता गज थांबला. मावशीने मान वळवली. नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून तिने भिंतीकडे पाहिलं. पण तिची नजर भिंतीवर नव्हती. लांबच्या रस्त्याने कोणी येत असेल तर आपण डोळे बारीक करतो, तसं ती पाहत होती. मग ती पुन्हा वळली आणि तुकडा पुरा केला.

"का थांबलीस?"

"कुठे थांबले?" मावशीला खरंच आश्चर्य वाटलं. "कान तपासून घे तुझे. परदेशी थंडीने गेले वाटतं."

"पुन्हा वाजव."

"अगं..."

"वाजव ना!"

दुसऱ्या वेळी मावशी जास्त वेळ वळून राहिली. आणि या वेळी तिचे डोळे बारीक झाले नव्हते. आता लांब बघावं लागत नव्हतं. जिन्यात शेजारी भेटला की बघतो, तितक्याच अंतरावर बघत होती. तिने खुर्ची जराशी बाजूला घेतली. कोणाला तरी वाट द्यावी तशी.

भाची उठली आणि मावशीसमोरच्या काचेच्या कपाटाला धरून उभी राहिली. काचेत तिला मावशी दिसली, पांढरे केस, खांद्यावरचं व्हायोलिन. मावशीच्या मागे भिंत असायला हवी होती. काचेत तिथे खोली होती. लांबट, नमद्याने मढवलेली. पार टोकाला हिरव्या मखमलीची खुर्ची होती, एक हात सुतळीने बांधलेला. खुर्ची रिकामी होती. बैठक मात्र हळूहळू वर येत होती. एखादं जड माणूस नुकतंच उठून गेलं की येते, तशी.

ती गर्रकन वळली. मागे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर. मावशी गजाला राळ लावत होती.

"आज कोणी तरी फार मन लावून ऐकतंय बघ," मावशी प्रसन्नपणे म्हणाली. "तुझ्याशिवाय असं कोणी ऐकलं नव्हतं मला. पुन्हा वाजवू का?"

"नको!" ती ओरडली. आणि व्हायोलिन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. न वाजवता ती जगणार कशी, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

७

रात्रभर ती संतापाने जळत होती. भीती होती, पण भीतीला हा संताप पुढे येऊच देत नव्हता. संपादकांवर संताप. इतकी वर्षं माहीत असून दारं आपटत बसल्याबद्दल. काकूंवर, शेंगा सोलत बसल्याबद्दल. सगळ्यांत जास्त स्वतःवर. ऐकल्याशिवाय अक्षर लिहिणार नाही म्हणणारी, आणि पहिलीच ओळ न ऐकता लिहून बसली. तीही मावशीवर. आणि हसत. आणि जो कोणी त्या भिंतीतून एकेका पावलाने चालत येत होता, त्याच्यावरही.

सकाळी इस्त्र्या तापायच्या आत ती कचेरीत पोहोचली. नवा अंक छापायला जायचा होता. तिने मुद्रिताचं शेवटचं पान ओढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं:

'दुरुस्ती. मागच्या अंकातील ओळ अपुरी आहे. वादिका मागे वळून पाहते, कारण मागे तिची भाची ऐकत बसलेली असते. दुसरं कोणी नसतं.'

खाली तिने आपलं नाव घातलं. गालबोटाच्या ओळीखाली आजवर कोणाचंही नाव नव्हतं.

काकूंनी वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं वेडे, हे छापलं तर तू..."

"खोटं छापणार नाही मी. त्याआधी खरं करून ठेवते." तिने मावशीची रेकॉर्ड काखेत घेतली. "मावशीला निरोप द्या. दुपारनंतर खुशाल वाजव म्हणावं, मागे मीच आहे."

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. काकूंनी नकळत स्टूल पुढे केलं. तिने ते हाताने बाजूला सारलं.

संपादक धडपडत उठले. "थांब. ती खुर्ची... आणि तिथे आधीच कोणी बसलेलं असलं तर?"

"तर त्याला उठावं लागेल," ती म्हणाली. "एका शब्दाची दाद न देता फार वर्षं ऐकलं त्याने."

आणि तिने दार ढकललं.